काठावर ओढलेली नाव

हरिपूरच्या घाटावर काढलेले एक छायाचित्र गेली काही वर्षे माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. एका छायाचित्रकार मित्राने ते दिले. त्यात माणूस नाही, मावळता सूर्यही नाही. घाटाच्या पायऱ्या संपून गाळ सुरू होतो तिथे एक लाकडी नाव अर्धी काठावर ओढून ठेवली आहे. उन्हापावसाने तिच्या फळ्या राखाडी पडल्यात. फटींमध्ये भरलेले डांबर कुठे फुगले आहे, कुठे निखळून पडले आहे. बुडाजवळ पत्र्याची ठिगळे ठोकली आहेत आणि त्यांच्या खिळ्यांचा गंज खाली ओघळून लाकडात मुरला आहे. मला या चित्रातली सगळ्यात मोलाची जागा वाटते ती नावेच्या काठावरची एक खाच. वल्हे टेकवून, घासून, वर्षानुवर्षे एकाच जागी रेटून ती पडलेली आहे. बोट घातले तर दोन पेरे आत जाईल इतकी खोल. तिच्या पलीकडे कृष्णेला येऊन मिळणारे वारणेचे पाणी दिसते.

हे छायाचित्र ज्याला दाखवावे त्याला काहीतरी वाचलेले आठवते. कुणाला गीतरामायण, कुणाला संतांचा भवसागर, कुणाला शाळेत शिकलेली एखादी कविता. नाव दिसली की मराठी माणसाच्या मनात साहित्य जागे होते. पण ही नाव कुणाची, ती रोज किती माणसे पार करत होती आणि आता काठावर का पडली आहे, हे सहसा कुणी विचारत नाही. आपल्या पुस्तकांनी नावेला इतके मोठे अर्थ दिले की तिच्या लाकडाकडे आणि ती चालवणाऱ्याकडे पाहायचे राहून गेले. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत कृष्णा-कोयनेच्या काठाने फिरताना हे मला पुन्हा पुन्हा जाणवले आहे.

आधी हरिपूरबद्दल. सांगलीपासून हाकेच्या अंतरावरचे हे गाव. हळदीच्या पेवांसाठी त्याचे नाव देशभरच्या व्यापाऱ्यांना ठाऊक होते. जमिनीत खोल खणलेल्या या पेवांत हळद वर्षानुवर्षे टिकायची. 2005 च्या महापुराने त्यातली कितीतरी पेवे निकामी केली. गोविंद बल्लाळ देवलांचा जन्म याच गावचा, 1855 चा. 'संगीत शारदा' लिहिणाऱ्या देवलांचे गाव म्हणून नाट्यवेडी माणसे आजही इथला पार पाहायला येतात. पण या गावाने मराठीला आणखी एक लेखक दिला आणि नावेच्या संदर्भात तोच मला अधिक जवळचा वाटतो. तो म्हणजे अशोकजी परांजपे. सुमन कल्याणपूर यांनी गायिलेले, अशोक पत्की यांनी स्वरबद्ध केलेले 'नाविका रे' हे गाणे ज्याने ऐकले नाही असा मराठी रेडिओचा श्रोता सापडणे कठीण. ते परांजप्यांनी लिहिले. लोककलांचे अभ्यासक, नाटककार, गीतकार अशी त्यांची ओळख. आयुष्याची अखेरची वर्षे औरंगाबादला गेली, 2009 साली ते गेले. जन्म मात्र हरिपूरचा, 1941 चा.

त्या गाण्यातली नाव कुठली, हे गीतकाराने सांगितलेले नाही आणि गाण्याला पत्ता विचारूही नये. तरी संगमावर उभे राहिले की वाटतेच, ज्या मुलाने लहानपणी या काठावर नावाड्याला मारलेल्या हाका ऐकल्या असतील, त्याच्या गाण्याची सुरुवात नाविकाला घातलेल्या सादेने व्हावी यात नवल नाही. पैलतीरावरून हाक मारायची, अलीकडून नाव निघायची, हा इथला रोजचा व्यवहार होता. पलीकडे कोथळी, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातला शिरोळ तालुका. शेताला जाणाऱ्या बायका, दुधाच्या किटल्या, शाळेची मुले, सायकली, लग्नाची वऱ्हाडे, सगळे नावेतून. आता हरिपूर आणि कोथळीला जोडणारा पूल झाला आहे आणि काठावरच्या नावेचे काम संपत आले आहे.

पूल होण्याआधी कृष्णाकाठचे जग कसे चालत होते, हे आज कल्पनेत आणायलाही जरा जड जाते. सांगली शहराचेच पाहा. चिंतामणराव पटवर्धनांच्या काळात, 1929 साली, व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते आयर्विन पुलाचे उद्घाटन झाले. त्याआधी पावसाळ्यात सांगली आणि सांगलीवाडी यांच्यामधला आधार म्हणजे नाव. गावोगावी अशा जागांना 'उतार' म्हणत. नाव चालवणारे कोळी, भोई, आंबी. गावच्या लोकांकडून रोजच्या रोज पैसे घ्यायचे नाहीत, सुगीला खळ्यावर जायचे आणि धान्य घ्यायचे. परगावच्या माणसाकडून तेवढी उतराई. पुढे उताराचे लिलाव होऊ लागले आणि हा व्यवहार कागदावर आला.

नाव चालवणे म्हणजे वल्हे मारणे, असे काठावरून पाहणाऱ्याला वाटते. जुन्या नावाड्यांशी बोलावे तेव्हा त्यातली विद्या कळते. पावसाळ्यात धार जोरात असते तेव्हा समोरच्या घाटाचा रोख धरून नाव सोडत नाहीत. आधी ती काठाकाठाने दोराने ओढत धारेच्या उलट दिशेला बरीच वर न्यायची, मग तिरकी सोडायची. प्रवाह तिला खाली रेटत राहतो, नावाडी तिला पलीकडे रेटत राहतो आणि या दोन्हींचा मेळ बसला की ती नेमकी समोरच्या घाटाला लागते. किती वर न्यायची हे पाण्याच्या रंगावरून, वाहत येणाऱ्या काटक्यांच्या वेगावरून ठरते. भोवरा कुठे धरतो, गाळाचा उंचवटा कुठे सरकला, हे दरवर्षी नव्याने शिकावे लागते, कारण प्रत्येक पुरानंतर नदीचा तळ बदललेला असतो. उन्हाळ्यात वल्ह्यापेक्षा बांबूचा वासा कामाला येतो. पाणी ओसरले की नाव उलटी घालायची, फटींतला जुना मसाला खरवडायचा, सुतळी-चिंध्या ठोकून भरायच्या, वरून तापलेले डांबर ओतायचे. हे दरवर्षी केले तर नाव टिकते. दोन वर्षे चुकले तर फळ्या उघडतात आणि नाव छायाचित्रातल्या नावेसारखी दिसू लागते.

आता साहित्याकडे वळतो. सुरुवात ज्ञानेश्वरीपासूनच करायला हवी, कारण मराठीत नावेचा सगळ्यात बारकाईने विचार मला तिथे आढळतो. बाराव्या अध्यायात भगवंत भक्तांना मृत्युसंसाराच्या सागरातून वर काढण्याचे वचन देतात. गीतेत हा एक श्लोक आहे. ज्ञानदेव त्यावर थांबतात आणि त्याचा एक अख्खा नदीघाट करून टाकतात. देव नामाच्या हजारो नावा सजवतो आणि स्वतः तारू होतो. मग काठावरच्या माणसांची वर्गवारी सुरू होते. जे सडेफटिंग आहेत त्यांना ध्यानाच्या कासेला लावायचे, म्हणजे पोहणाऱ्याच्या कासोट्याला धरून जाणाऱ्या शिकाऊ माणसासारखे. ज्यांच्यामागे बायकामुले, संसार आहे त्यांना तराफ्यावर बसवायचे. कुणाच्या पोटाला प्रेमाची पेटी बांधायची आणि त्याला तरंगत पैलतीरी न्यायचे.

हे वर्णन सुचायला माणसाने पूर आलेल्या नदीचा काठ डोळ्यांनी पाहिलेला हवा. एकटा पोहून जाईल, कुटुंबकबिल्याला तराफा लागेल, घाबरणाऱ्याला पोटाला काहीतरी बांधून द्यावे लागेल, हा व्यावहारिक विवेक आहे. वाळलेल्या भोपळ्यांची सांगड पोटाला बांधून नदी पार करणारी माणसे आपल्याकडे अगदी काल-परवापर्यंत होती. शके 1212 मध्ये सांगितलेल्या ग्रंथात तारणाची साधने इतकी नेमकी यावीत आणि त्यात प्रत्येक प्रकारच्या माणसासाठी वेगळी सोय असावी, याचे मला फार अप्रूप वाटते. कुणालाही काठावर सोडायचे नाही, हा त्या ओव्यांचा गाभा आहे. माऊलींच्या या नावेची आठवण मला पुढे एका अतिशय वाईट प्रसंगी आली. ते पुढे येईलच.

संतांचा भवसागर असा नदीतूनच वर आला आहे, असे मला ठाम वाटते. देशावरच्या शेतकऱ्याने समुद्र कुठे पाहिला होता? त्याने पाहिली होती ती श्रावणात दुथडी फुगलेली कृष्णा, नीरा, भीमा. पंढरपूरला आषाढीत चंद्रभागेच्या पाण्यात नावा आजही चालतात, वारकरी त्यांतून गोपाळपूर, विष्णुपदाकडे जातात. ज्याने ती फुगलेली नदी ओलांडली, त्याला 'पार होणे' समजावून सांगावे लागत नाही.

मराठीतले नावाड्यांचे सर्वांत लोकप्रिय गीत मात्र ज्याने लिहिले तो कवी पाण्याच्या मुलखातला नव्हे. ग. दि. माडगूळकरांचा जन्म 1 ऑक्टोबर 1919 रोजी शेटफळ्यात झाला. हे गाव आजच्या सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यात आहे. हा माणदेश. माणगंगेचे पात्र वर्षातले कितीतरी महिने वाळूचेच असते. माणसे पाण्यासाठी मैलोगणती चालत होती, मेंढपाळ कळप घेऊन परमुलखात जात होते. गदिमांचे धाकटे भाऊ व्यंकटेश यांच्या 'बनगरवाडी'त हा रखरखाट पानोपानी आहे. अशा मातीतून आलेल्या कवीने 1955 साली पुणे आकाशवाणीसाठी गीतरामायण लिहायला घेतले. आठवड्याला एक अशी छप्पन्न गीते झाली. त्यात राम, सीता, लक्ष्मण गंगा ओलांडतात तो प्रसंग गदिमांनी नावाड्यांच्या समूहाला दिला आहे.

यात मोठी गोष्ट आहे. वनवासाला निघालेल्या रामाबद्दल दशरथ बोलतो, कौसल्या बोलते, भरत बोलतो. हे सगळे घरचे. पण नाव वल्हवणाऱ्यांना त्याच्याबद्दल काय वाटले, हे गदिमांना लिहावेसे वाटले. ते गीत ऐकताना वल्ह्यांचा ताल कानाला कळतो. नावाडी नावेशी बोलतात, गंगेशी बोलतात. काम करता करता गाणाऱ्या माणसांचे ते गीत आहे. माणदेशातल्या पोराला हा ताल कुठून मिळाला? शिक्षणाच्या निमित्ताने गदिमांचे बालपण कुंडललाही गेले. कुंडल कृष्णेच्या खोऱ्यात आहे. तिथे त्यांनी काय पाहिले ते मी सांगू शकत नाही, पण ज्याच्या गावी पाणी नसते तो दुसऱ्याच्या गावची नदी डोळे भरून पाहतो, एवढे मला माझ्या माणदेशी मित्रांवरून माहीत आहे.

साताऱ्याचा एक धागा तर थेट बंगालपर्यंत जातो. भारतीय सनदी सेवेत दाखल झालेले पहिले भारतीय सत्येंद्रनाथ टागोर हे रवींद्रनाथांचे वडील बंधू. त्यांची सगळी नोकरी मुंबई इलाख्यात झाली आणि 1897 साली ते साताऱ्याचे न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले. तुकारामांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले. त्यांच्याकडे कारवारला राहायला आलेल्या तरुण रवींद्रनाथांनी काळी नदीवर चांदण्यातून केलेला नावेचा प्रवास पुढे आठवणींत लिहून ठेवला. हेच रवींद्रनाथ नंतर जमीनदारीच्या कामासाठी पद्मा नदीवर बोटीत राहू लागले आणि 1894 मध्ये त्यांचा 'सोनार तरी' हा संग्रह आला.

त्यातली त्याच नावाची कविता मला या लेखासाठी टाळता येत नाही. पावसाळ्याचे दिवस, नदी भरून वाहते आहे. कापलेल्या भाताच्या राशीपाशी एक शेतकरी एकटा काठावर बसला आहे. एक नाव येते. तो आपले सगळे धान्य त्या नावेत भरायला लावतो. नाव भरते. मग तो म्हणतो, आता मलाही घ्या. पण नाव छोटी आहे आणि त्याच्याच धान्याने भरून गेली आहे. त्याला जागा उरत नाही. नाव निघून जाते, तो रिकाम्या काठावर राहतो. कवीची निर्मिती जग घेऊन जाते आणि कवी मागे उरतो, असा तिचा अर्थ लावला जातो. तो बरोबरच आहे. पण कृष्णाकाठच्या वाचकाला ती कविता पुरानंतर वेगळीच वाचावी लागते. पाणी चढत असताना नाव येते आणि तिच्यात जागा नसते, हा अनुभव इथे खूप घरांनी घेतला आहे.

पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ नावाचे गाव आहे. येरळा नदी तिथे कृष्णेला मिळते. 2019 च्या ऑगस्टमध्ये कोयना, वारणा, कृष्णा सगळ्या एकदम फुगल्या. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ 45 फूट ही धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेले. ब्रह्मनाळला पाण्याने वेढा दिला. 8 ऑगस्टला सकाळी गावातली बोट माणसांना बाहेर काढत होती. लोकांचा धीर सुटला होता, पाणी वाढतच होते. बोटीत तिच्या ताकदीपेक्षा फार जास्त माणसे चढली आणि ती उलटली. सतरा जणांचा जीव गेला. त्यात बायका होत्या, लहान मुले होती. त्या दिवसाची छायाचित्रे सगळ्या वर्तमानपत्रांत आली. त्यातले एकही मी जपून ठेवले नाही, ठेववले नाही.

मला ज्ञानेश्वरीतले तराफे आठवले ते तेव्हा. कुणाला कासेला लावायचे, कुणाला तराफ्यावर घ्यायचे, कुणाच्या पोटाला पेटी बांधायची. आजच्या भाषेत सांगायचे तर लाइफ जॅकेट, क्षमता लिहिलेली बोट, फेऱ्यांचा क्रम आणि काठावर उभा राहून 'पुढच्या फेरीला' असे ठणकावून सांगणारा माणूस. सातशे वर्षांपूर्वी आळंदीच्या मुलाने कल्पनेत जी व्यवस्था मांडली, ती प्रत्यक्षात एका गावाला वेळेवर मिळाली नाही. त्या गावच्या लोकांचा यात दोष नाही. पुराच्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला नावेची क्षमता मोजायला सांगणे हा क्रूरपणा आहे. ते मोजमाप कोरड्या दिवसांत, चैत्र-वैशाखात करून ठेवायचे असते.

त्याच पुरात उलटेही घडले. बाहेरून मदत पोचायला वेळ लागला त्या गावांत आणि सांगलीच्या गल्ल्यांत लोकांना पहिल्यांदा बाहेर काढले ते स्थानिक पोरांनी, स्थानिक नावांनी. कुठे गुऱ्हाळावरची काहील पाण्यात सोडून तिच्यात म्हाताऱ्यांना बसवले. उसाचा रस उकळायची ही मोठी पसरट कढई तोल सांभाळला तर तरंगते, हे काठावरच्या शेतकऱ्याला पूर्वापार माहीत आहे. होड्यांच्या शर्यतींतली मुले या कामात पुढे होती. सांगली, सांगलीवाडी, समडोळी, कवठेपिरान, कसबे डिग्रज या गावांत बोट क्लब आहेत आणि पावसाळ्यात कृष्णेत त्यांच्या शर्यती होतात. लांबोडी, अरुंद नाव, दोन्ही बाजूंना वल्ही, मागच्या टोकाला सुकाणूवाला, काठावर हलगी आणि हजारो माणसे. या शर्यतींकडे गावची हौस म्हणून पाहिले जाते. माझ्या मते सांगली जिल्ह्याची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भरवशाची आपत्ती-व्यवस्था तीच आहे. उतार बंद पडले तरी धारेत नाव धरण्याची विद्या या पोरांच्या दंडात जिवंत राहिली.

ब्रह्मनाळपासून थोडे वर गेले की औदुंबर लागते. दत्ताचे स्थान, डोहाला लागून घाट, घाटावर औदुंबराची झाडे. पैलतीराला भिलवडीच्या हद्दीत भुवनेश्वरीचे देऊळ. दत्ताचे दर्शन घेऊन नावेने पलीकडे देवीला जायचे, हा इथल्या यात्रेकरूंचा जुना रिवाज. कवी सुधांशु याच गावचे. आयुष्यभर ते इथेच राहिले. सदानंद साहित्य मंडळाच्या वतीने दर मकर संक्रांतीला इथे साहित्य संमेलन भरते. खेड्यातले, पदरमोड करून चालवलेले, अनेक दशके न खंडलेले हे संमेलन मराठीतल्या मोठमोठ्या लेखकांनी गाजवले आहे. संक्रांतीच्या थंडीत लेखक मंडळी घाटावर येतात, डोह पाहतात, नावेत बसून पलीकडे जाऊन येतात. मराठी लेखकांच्या इतक्या पिढ्या ज्या नावेत बसल्या, तिच्यावर आणि तिच्या नावाड्यावर एखादा नीट लेख शोधायला गेलो तर माझ्या हाती फारसे काही लागले नाही. नदीवर लिहिले गेले, डोहावर लिहिले गेले, दत्तावर तर अपार. नावाडी पानाच्या समासात राहिला.

साताऱ्याकडे नदीचे रूप बदलते. तिथे कोयनेला धरण आहे आणि धरणामागे शिवसागर. कोयनानगरच्या भिंतीपासून तापोळ्यापर्यंत डोंगरांच्या बोटाबोटांत शिरलेला हा जलाशय 105 टीएमसी पाणी साठवतो आणि महाराष्ट्राला वीज देतो. त्याच्या तळाशी गावे आहेत. धरणग्रस्तांचे दुःख मराठीत विश्वास पाटलांच्या 'झाडाझडती'ने ठसठशीतपणे मांडले, त्या कादंबरीला साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला. पण उठून न गेलेल्यांचे, म्हणजे पाणी वर आले तसे डोंगरावर सरकून तिथेच राहिलेल्यांचे जगणे निराळे आहे. कांदाटी खोऱ्यातल्या आणि जलाशयाकाठच्या वाड्यांना बाजार, दवाखाना, तहसील कचेरी हे सगळे पाण्यापलीकडे. बामणोली, तापोळा इथून लाँच सुटतात. वासोट्याला जाणारे तरुण याच लाँचमधून जातात, फोटो काढतात आणि संध्याकाळी परततात. वाडीवरची बाळंतीणही त्याच पाण्यावरून येते.

जावळी तालुक्यात खिरखंडी नावाची अशीच एक वस्ती आहे. तिथल्या मुली शाळेसाठी स्वतः होडी वल्हवत अंधारी गावाच्या काठाला लागायच्या आणि तिथून पुढे जंगलातल्या वाटेने चालत जायच्या. हा सगळा परिसर कोयना अभयारण्याचा, आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा. वर्तमानपत्रांतली बातमी वाचून जानेवारी 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रकरणाची दखल घेतली आणि सरकारकडे विचारणा केली. देशभरच्या वृत्तपत्रांत त्या मुलींच्या हातातली वल्ही छापून आली. 'जिद्द' या मथळ्याखाली ती छायाचित्रे पाहताना मला बरे वाटले नाही. मुलींच्या जिद्दीबद्दल प्रश्नच नाही. पण ज्या जलाशयाची वीज मुंबईच्या कारखान्यांना पोचते, त्याच जलाशयावर दहा-बारा वर्षांच्या मुलीने शाळेसाठी होडी ओढावी, हे कौतुकाचे चित्र होऊ शकत नाही.

जीर्ण नावेवरचे जगातले सर्वांत गाजलेले पुस्तक म्हणजे हेमिंग्वेची 1952 ची छोटी कादंबरी. ती मराठीत आणली पु. ल. देशपांड्यांनी, 'एका कोळियाने' या नावाने. पु. ल. काही काळ सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. त्या पुस्तकातल्या म्हाताऱ्याच्या होडीचे शीड पिठाच्या पोत्यांची ठिगळे लावून शिवलेले आहे. चौऱ्याऐंशी दिवस त्याला मासा मिळालेला नाही. हेमिंग्वेचा मोठेपणा असा की त्या होडीला तो आधी होडीच राहू देतो. दोर कसा धरायचा, हाताला वळ कसे पडतात, आमिष किती खोलीवर सोडायचे, हे तो इतके तपशिलाने सांगतो की म्हाताऱ्याच्या पराभवाचा आणि विजयाचा अर्थ त्या दोराच्या वळातूनच वर येतो. हरिपूरच्या छायाचित्रातली ती वल्ह्याची खाच आणि पत्र्याची ठिगळे पाहिली की मला वाटते, कृष्णाकाठच्या नावाड्यावर असे पुस्तक मराठीत यायला हवे होते. अण्णा भाऊ साठ्यांनी वारणेच्या खोऱ्यातली माणसे कादंबरीत आणली, यशवंतराव चव्हाणांनी आपल्या आत्मचरित्राला 'कृष्णाकाठ' हे नाव दिले. नदी आपल्या साहित्यात भरपूर आहे. तिच्यावर पोट असलेला माणूस कमी आहे.

पूल झाले याचे मला दुःख नाही. पुलासाठी वर्षानुवर्षे अर्ज करणाऱ्या गावकऱ्यांच्या जागी मी असतो तर मीही अर्जच केला असता. रात्री-अपरात्री पोटात दुखणाऱ्या पोराला घेऊन पैलतीरावर नावाड्याला हाका मारत उभे राहिलेल्या आईला नावेचे सौंदर्य सांगू नये. पण पूल झाला म्हणून नाव संपली, हा हिशेब कृष्णेच्या बाबतीत चुकतो. 2005, 2019, 2021 या तिन्ही महापुरांत पुलांचे रस्ते पाण्याखाली गेले आणि प्रत्येक वेळी नावच शोधावी लागली. तेव्हा कुठे फायबरची बोट असते पण इंजिन बंद, कुठे बोट चालू पण चालवणारा नाही, कुठे दोन्ही आहेत पण बोट किती माणसे पेलते हे कुणालाच माहीत नाही.

माझे मागणे दोन गोष्टींचे आहे आणि ते सांगली-साताऱ्याच्या जिल्हा परिषदांकडे, पूररेषेतल्या ग्रामपंचायतींकडे आणि काठावरच्या वाचकांकडे आहे. प्रत्येक पूरग्रस्त गावात एक तपासलेली नाव, तिच्यावर रंगवलेली माणसांची संख्या, पुरेशी लाइफ जॅकेट आणि वर्षभर मानधन मिळणारा एक नावाडी असावा. तो नावाडी शर्यतीच्या पोरांतून किंवा जुन्या नावाडी घरांतून घ्यावा आणि त्याची तालीम मे महिन्यात, कोरड्या घाटावर व्हावी. दुसरे मागणे सोपे आहे. साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, सांगलीतही संग्रहालय आहे. तिथे तलवारी, ताम्रपट, चित्रे जपली जातात. त्यांच्या शेजारी कृष्णेवर चाललेली एक खरी लाकडी नाव ठेवावी, तिच्या वल्ह्यांसकट, डांबराच्या भांड्यासकट, ती चालवणाऱ्यांच्या नावांसकट. काठावर अजून अशा काही नावा पडून आहेत. आणखी दोन-तीन पावसाळ्यांनंतर त्यांचे सरपण झालेले असेल. तुमच्या गावच्या घाटावर एखादी असेल तर या दिवाळीत तिथे जाऊन या, ती कुणाची होती ते विचारा आणि लिहून ठेवा.